कापडाखालची खुर्ची

१२ जानेवारी २००९, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. राजकारणात आज बोललेलं लोक उद्या फिरवतात, म्हणून आपण काय बोललो आणि समोरचा काय म्हणाला हे आपल्याच अक्षरात असलेलं बरं. रामकलीने दारातून विचारलं, "काय लिहून राहिले जी?" म्हटलं, धानाचा हिशेब. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.

जिल्हा परिषदेच्या सभेत आज मी प्रश्न टाकला. आमच्या पिंपळटोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात दिवाळीला दाताची खुर्ची आली. ट्रकमधून उतरली तेव्हा मी स्वतः उभा होतो. पाठोपाठ दाताची डॉक्टरही आली, कंत्राटावर. बाई आली, खुर्ची आली, मग आमची माणसं दात काढायला अजून गोंदियाची बस का धरतात? माझा आवाज चांगला लागला होता. कॅन्टीनमध्ये चहा पिणारे सदस्यसुद्धा आत येऊन बसले.

अधिकारी उठले आणि म्हणाले, "ग्रामीण रुग्णालय हा आमचा विषय नाही, ते दुसऱ्या कार्यालयाकडे आहे." दुसऱ्या कार्यालयात गेलो तर तिथे सांगितलं की डॉक्टर आमच्याकडची नाही, ती आरोग्य अभियानातून आली. सगळे इतके गोड बोलत होते की माझी खात्री झाली, पाणी मुरतंय.

येताना रुग्णालयात डोकावलो. खोलीच्या मधोमध खुर्ची, वर पांढरं कापड. डॉक्टरबाई बाहेर बाकावर बसून एका म्हातारीच्या तोंडात टॉर्च मारत होती. नाव डॉ. रुची, गोंदियाची, अर्धं हिंदीत बोलते. "सर, नळाचं कनेक्शन बाकी आहे. महिनाअखेर तक हो जायेगा." माझा कार्यकर्ता बकाराम सोबत होता. बाहेर आल्यावर माझ्या कानाला लागला, "कापडाखाली खुर्चीच हाय का नाई, कोणाले मालूम भाऊ?" त्याचंही खरं आहे. कापड उचलून बघायला हवं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

रामकलीचं काहीतरी बिनसलं आहे. दिवाळीपासून भाजीत तिखट वाढवत चालली आहे. काल नवेगाव बांधची मासळी केली होती, दोन घास खाल्ले आणि तोंडात नुसती आग. पाणी प्यायलो तरी जाईना. ताट सरकवून उठलो. ती म्हणाली, "मिरची टाकलीच नाई जी मी."

टाकलीच नाही! रस्सा पिवळा होता हे खरं, पण बारीक वाटून टाकली तर दिसते कुठे? बरं, तीही त्याच भांड्यातलं जेवली आणि तिला काहीच झालं नाही. म्हणजे तिने आधीपासून सवय करून घेतली असणार. कशाचा राग आहे ते कळायला हवं.

३१ जानेवारी, शनिवार

रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला. नळ बसला, वीज जोडली, सोमवारपासून खुर्ची सुरू करतो म्हणाले.

मी ताबडतोब बकारामला पिटाळलं. सांगितलं, मी आल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. भांडलो मी, सभेत उभा राहिलो मी, आणि सोमवारी सकाळी चंद्रकुमार तिथे पहिला जाऊन बसला तर? पंचायत समितीचा सभापती झाल्यापासून त्याला फोटोचा फार नाद लागला आहे. आमच्या पक्षाचे नेते भाऊसाहेब गोंदियाहून येतील, मांडव पडेल, फीत कापून मी पहिला त्या खुर्चीत बसेन. चार दिवसांनी काही कोणाचे दात पळून जात नाहीत.

बकाराम निरोप देऊन आला आणि खर्रा घोटायला बसला. त्याच्यासारखा खर्रा पंचक्रोशीत कोणी घोटत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर असा घासतो की उघडल्याबरोबर वास सुटतो. त्याचा पानठेला म्हणजेच आमचं पक्षाचं ऑफिस. येणारा प्रत्येकजण खिशातून पुडी काढतो, पुढे करतो, आणि मी चिमूट घेतो. कोणाच्या पुडीला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाला नाही म्हणणं. गेल्या निवडणुकीत मी एकाही पुडीला नाही म्हटलं नव्हतं. निवडून आलो तो त्याच्यावर, असं बकाराम म्हणतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार. महाशिवरात्र

आमच्या इकडच्या प्रतापगडच्या यात्रेत दिवसभर उभा होतो. महादेवाला जाणारे आणि दर्ग्यावर जाणारे सगळे आमच्या मांडवावरूनच जातात. आम्ही ताक वाटलं आणि बकारामने खर्रा. शेजारीच डॉ. रुचीने टेबल मांडलं होतं. गुडाखूने दात घासणाऱ्या बायांना पकडून पकडून आरसा दाखवत होती. "बाई, ही तंबाखूच आहे, मंजन नाही." बाया हसत होत्या, पण तोंड उघडून दाखवत होत्या.

मला पाहून म्हणाली, "सर, दोन मिनिटं. आप भी दिखा दो ना." आता माझ्या मांडवासमोर, माझ्या मतदारांसमोर मी आ करून बसू? म्हटलं, खुर्ची उघडेल तेव्हाच मी बसेन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चंद्रकुमार मात्र बसला! स्टुलावर बसून सगळ्यांदेखत तोंड वासलं त्याने. बाई बराच वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. नंतर तो मांडवात आला. यात्रेचा दिवस, वैर विसरायचा दिवस, म्हणून मी स्वतः पुडी पुढे केली. तो म्हणाला, "नको भाऊ."

नको? पंधरा माणसांसमोर? त्याच्या बापाने माझ्या बापाची पुडी कधी परत केली नव्हती. हे दोघे एकत्र झाले आहेत, डॉक्टरबाई आणि तो. खुर्ची कोणामुळे अडली आहे याचा आता अंदाज येतो.

२ मार्च, सोमवार

लोकसभेची आचारसंहिता लागली. आता उद्घाटन नाही, फीत नाही, काही नाही. भाऊसाहेबांनी पाच तारीख दिली होती, मांडववाल्याला सांगून झालं होतं. नेमकी तीन दिवस आधी? मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "गाजावाजा न करता नुसतीच सुरू करू का?" बघा कसा डाव टाकतात. मी म्हटलं, आचारसंहिता म्हणजे आचारसंहिता. कायद्याच्या बाहेर जाणारा मी नाही.

१८ मार्च, बुधवार

आज रामकली रुग्णालयात दिसली. मला सांगून गेली होती की बचत गटाची बैठक आहे. मी रस्त्याच्या या बाजूला बकारामच्या ठेल्यावर होतो, तिने मला पाहिलं नाही. डॉक्टरबाईच्या बाकावर बसून ती स्वतःच्या गालावर, डाव्या गालावर बोट ठेवून काहीतरी दाखवत होती. बाई मान हलवत होती. शेवटी रामकलीने पदर डोळ्याला लावला.

घरी आल्यावर सहज विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, "बैठकीलेच." म्हणजे खोटंही बोलायला शिकली. तिचा गाल दुखत असता तर मला सांगितलं नसतं का? गालाचं म्हणाल तर माझ्याच डाव्या गालात आतून एक छाला आहे, फोडासारखा. वरचा दात लागतो. यात्रेपासून आहे, जात नाही. तिखट बंद केलं तर जाईल, पण तिखट कोण बंद करणार?

११ एप्रिल, शनिवार

चिचगडला सभा. गर्दी चांगली होती. मी दाताच्या खुर्चीवरच बोललो, सरकारी पैशाच्या वस्तू कापडाखाली का कुजतात, कोणाच्या सांगण्यावरून कुजतात, नाव सांगा म्हणालो. मागून पोरं ओरडली, "समजून नाई राहिलं!" माइकवाल्याला खूण केली, त्याने आवाज वाढवला, तरी ओरडणं चालूच. माझ्यानंतर भाऊसाहेब त्याच माइकवर बोलले तेव्हा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

माइकवाला चंद्रकुमारच्या सासुरवाडीचा निघाला. मला आधीच विचारायला हवं होतं.

२४ मे, रविवार

निकाल लागून गेले, आचारसंहिता उठली. भाऊसाहेबांची तारीख मागितली, ते दिल्लीत. पुन्हा मागितली, लग्नांमध्ये. खुर्ची तशीच पडून आहे. मोठे डॉक्टर दर आठवड्याला मलाच निरोप पाठवतात, "तारीख कळवा." काम न करणारा माणूस नेहमी दुसऱ्याला तारीख विचारतो.

घरातलंही लिहून ठेवतो. रामकली हल्ली भात लापशीसारखा मऊ करते. पोळीचे तुकडे करून दुधात भिजवून पुढे ठेवते. मला म्हातारा ठरवायचा बेत दिसतो. जेवायला वेळ लागतो हे खरं, जबडा सकाळी आखडलेला असतो, पण पन्नाशीत कोणाचा आखडत नाही? बाजारात आवई आहे की पुढच्या वेळी आपला मतदारसंघ महिलांसाठी राखीव होणार. बचत गटाच्या बाया घरी जमतात. मी आत गेलो की गप्प होतात आणि माझ्या तोंडाकडे पाहतात. रामकलीने तिकिटाचं मनात आणलं असेल तर तिने मला सरळ सांगावं. मी काही नाही म्हणणार नाही. पण माझ्याच घरात माझ्याविरुद्ध बैठका, हे मनाला फार लागतं.

एकवीस वर्षांचा संसार. वाईट वाटतं, दुसरं काय.

२२ जून, सोमवार

आजच्या सभेत अपमान झाला. मी उभा राहिलो, पाठ करून गेलो होतो, पिंपळटोल्याच्या दंत विभागाबाबत प्रशासनाने उत्तर द्यावं. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी पुन्हा सांगावं." पुन्हा सांगितलं. परत म्हणाले, "जरा स्पष्ट." कोणीतरी मागे हसलं.

तेव्हा चंद्रकुमार उठला. "भुवनेश्वरभाऊचा प्रश्न असा आहे," म्हणून माझा आख्खा प्रश्न त्याने खणखणीत बोलून दाखवला आणि खाली बसला. माझ्या तोंडचा घास पळवला! आता पेपरात त्याचं नाव येईल. बाहेर व्हरांड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, एकदा त्या बाईले दाखवून घ्या." मी म्हटलं, तूच दाखव, तुझं जमतं तिच्याशी.

मी जाहीर करून टाकलं. भाऊसाहेब येवोत न येवोत, दहा जुलैला मी स्वतः कापड काढतो. कोण अडवतं ते बघतो.

१० जुलै, शुक्रवार

काय लिहू?

कोणीच अडवलं नाही. मांडव नव्हता, पाऊस होता म्हणून रुग्णालयाच्या व्हरांड्यातच माणसं दाटली. मी फीत कापली, कापड काढलं. खाली खुर्चीच होती, नवी, पायाशी पन्नीसुद्धा तशीच. मी पहिला बसलो. पेपरचा पोरगा कॅमेरा घेऊन म्हणाला, "भाऊ, तोंड उघडा." उघडलं. तो म्हणाला, "उघडा ना." मी म्हटलं, उघडलंच आहे. लोक हसले. मग हसायचे थांबले.

डॉ. रुचीने दिवा माझ्यावर ओढला आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. म्हणाली, तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये घाला. एक गेलं. दुसरं अर्ध्यावर अडलं. तिने आरसा दाखवला. माझा गाल आतून गुलाबी नव्हता, पांढरा पडला होता, आणि तो छाला म्हणजे छाला नव्हताच. त्याच्या कडा वर आल्या होत्या. "खर्रा किती वर्षांपासून? तिखट सहन होतं का?" मी म्हणालो, बायकोच फार घालते.

दाराशी रामकली उभी होती. ती काही माझ्याकडे बघत नव्हती, बाईकडे बघत होती. "घरात संक्रांतीपासून मिरची नाई, बाई. डबाच देऊन टाकला मी शेजारी."

१४ जुलै, मंगळवार

नागपूरला गेलो. गालातला तुकडा काढून तपासायला ठेवला, टाके पडले. बोलता येत नाही. रामकलीने सगळी विचारपूस केली, रांगेत उभी राहिली, डॉक्टरांना मराठीत, हिंदीत, जमेल तसं विचारत राहिली. बचत गटाच्या बायांनी तिला जाण्यायेण्याचं भाडं जमवून दिलं होतं. त्या घरी कशासाठी जमत होत्या, हे मी तिला विचारलं नाही.

२१ जुलै, मंगळवार

तपासणीचं उत्तर आलं. कर्करोगच आहे. ऑपरेशन करायचं म्हणतात. डाव्या बाजूचा थोडा जबडा जाईल. वाचाल, म्हणतात. भाषण करता येईल का ते कोणी बोलत नाही. आयुष्यभर मी या एका तोंडावर जगलो. भीती वाटते.

एकच गोष्ट मनातून जात नव्हती. रुग्णालयात जाऊन डॉ. रुचीसमोर पाटीवर लिहिलं, फेब्रुवारीत दाखवलं असतं तर? ती हात धुवायला वळली आणि बराच वेळ धूत राहिली. मग मी खाली लिहिलं, खुर्ची कोणी अडवली? नाव सांगा.

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तोही गेला. "सर, खुर्ची तर दोन फेब्रुवारीला तयार होती. तुम्हीच बोलले होते ना, मी येईपर्यंत कापड काढायचं नाही. बकारामभाऊ आले होते निरोप घेऊन. आम्ही तुमचीच तारीख विचारत होतो."

मी पाटी पुसली.

एवढ्या महिन्यांत त्या बाकावर किती तोंडं टॉर्चच्या उजेडात पाहिली गेली असतील, आणि त्यांतल्या कोणाचं काय राहून गेलं असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. सभेत उत्तर मागायचं तर आता कोणाकडे मागू?

२४ जुलै, शुक्रवार

परवा नागपूरला भरती व्हायचं. सकाळी बकाराम आला. डोळे सुजलेले. मला काय द्यावं ते त्याला सुचलं नाही, म्हणून पुडीच घेऊन आला. "सादाच घोटला भाऊ, तंबाखू कमी टाकला." पुढे केली. माझा हात सवयीने निघाला होता, मी तो मागे घेतला आणि मान हलवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याचा चेहरा पडला. "काऊन भाऊ? माह्यावर राग हाय का? निरोप मीच देल्ला म्हून?"

नाही रे बाबा, असं म्हणायचं होतं. टाक्यांमुळे जमेना. चंद्रकुमारने प्रतापगडला माझी पुडी परत केली तेव्हा त्यालाही असंच काहीतरी म्हणायचं असेल, आणि मी ऐकून घेतलं नाही. मी बकारामचा खांदा धरला आणि खूण केली, तोंड उघड. त्याला वाटलं मी गंमत करतो. मी माझी तीन बोटं त्याच्या तोंडाशी नेली. दोनच गेली.

तसाच त्याला हाताला धरून रुग्णालयात नेलं. ठेला उघडा टाकून आला बिचारा. वाटेत विचारत होता, "कायले जी? मले तं काई दुखत नाई. नुसती तिखटानं आग होते." खुर्चीसमोर रांग होती. बाया, म्हातारे, एक शाळेतला मास्तर. मला पाहून ते जागा द्यायला लागले. मी हातानेच नको म्हटलं आणि त्याला घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहिलो. नंबर आला तेव्हा तो खुर्चीत बसला, दिव्याकडे बघून घाबरला आणि माझा हात घट्ट धरून ठेवला.

दुपारी रामकलीने मऊ भात वाढला, वरण घातलं. समोर बसून तीही तेच पांढरं वरण जेवत होती. संक्रांतीपासून तेच जेवते आहे आणि मी तिच्यावर पाळत ठेवून होतो. मी पाटी ओढली आणि लिहिलं, तू तरी मिरची घे. तिला वाचायला वेळ लागला. मग तिने माझ्याच भातावर आणखी थोडं वरण ओतलं आणि म्हणाली, "तुमी खासान तवा टाकीन."